पाणंदीतला डबा

माझी मुलगी इंग्लंडमध्ये नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी रानात डबे शोधते. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी पायवाटेच्या कडेला डबा लपवायचा, ठिकाण मोबाइलवर टाकायचं, आणि चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी चिखल तुडवत जाऊन तो हुडकायचा. आतली एखादी किरकोळ वस्तू घ्यायची, आपली एक टाकायची, डबा पुन्हा जागच्या जागी. मी विचारलं, "आणि मिळतं काय?" ती म्हणाली, "डबा." पोरगी परदेशात एकटी राहते, एवढं चालायचंच.

तिकडे म्हणे या पायवाटा लोकांच्या शेतांतून जातात आणि शेतमालकाला त्या मोडता येत नाहीत. याचा मात्र मला हेवा वाटला. धर्मापुरीच्या शिवारात आमचं थोडं रान आहे. तिथं जायला एकच पाणंद, दोन्ही अंगांना शेजाऱ्याचंच शेत. माझ्या वडिलांच्या काळात तिच्यातून बैलगाडी जायची. शेजारी दरवर्षी नांगरताना थोडंसं आत सरकतो, आणि आता समोरून माणूस आलं तर एकाला पिकात उतरावं लागतं. तहसीलला अर्ज केला. साहेब आले, शेजाऱ्याकडे चहा प्याले, वाट छान आहे म्हणाले आणि गेले. आमचं रान वाट्यानं कसणाऱ्या बटईदारानं तर सांगूनच टाकलं होतं, की वाट बुजली तर तो रान सोडणार. म्हणजे शेत विकायचं, आणि गिऱ्हाईक एकच: तोच शेजारी.

गेल्या रब्बीच्या पेरणीआधी लेक बीडला माझ्याकडे आली आणि आपल्याही पाणंदीत डबा ठेवायचा म्हणून हटून बसली. स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा डबा घेतला. त्यात तिकडून आणलेली बोटभर कापडी बाहुली, माझ्या दोन जुन्या बांगड्या आणि एक पिवळा रबरी चेंडू टाकला, लिंबाएवढा. झाकण सैल होतं म्हणून शिवणाच्या पेटीतला लाल दोरा गुंडाळला. वळणावरच्या बाभळीच्या बुडाशी, दगडांखाली डबा ठेवला. त्या दिवशी अमावस्या होती. आमच्या घरात पंचांग नसतं. आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा देव आणि मुहूर्त एकदमच सुटले. लेक विमानात बसून गेली.

मग बटईदाराचा फोन आला. "बाई, तुमी काय ठिवलंय पाणंदीत? शेजाऱ्याचा पोरगा नांगरत व्हता. डबा उघडून बगितला आन टॅक्टर तितंच सोडून पळाला. करणी हाय म्हनत्यात. दोनी अंगानं रान सोडलंय, गाडी जाईल येवढं."

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. लिंबातून रक्त कसं काढतात ते दरवर्षी वर्गात करून दाखवलं आणि भोंदूबाबांच्या नावानं घसा कोरडा केला. मला संताप यायला हवा होता. खरं सांगते, मला आनंद झाला. अर्जानं झालं नाही ते बाहुलीनं करून दाखवलं होतं. पेरणी उरकेपर्यंत गप्प बसायचं मी ठरवलं. पण मोकळी झालेली वाट डोळ्यांनी बघायचा मोह आवरेना, म्हणून गेले.

शेजाऱ्यानं मला वाटेतच गाठून घरी नेलं. त्याच्या ओसरीवर आम्ही पिढ्यानपिढ्या उभ्यानं बोललो. त्या दिवशी खुर्ची आली, कपाखाली बशीसुद्धा आली. तो हात जोडून म्हणाला, "बाई, गाडी न्या, टॅक्टर न्या, वाट तुमचीच हाय. काय चुकलं आसंल तर पदरात घ्या. पर पोराला सोडा."

पोरगा आत खाटेवर पडला होता. अंग तापानं भाजत होतं, ओठ सुकलेले, दंडावर लाल पुरळ. डॉक्टरकडे नेलं नव्हतं. करणी उतरल्याशिवाय औषध द्यायचं नाही, असं देवरुषानं बजावलं होतं. पोराची बायको माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत माझ्याबद्दलची भीती होती. मला माझीच किळस आली.

बाभळीखालचा डबा आणला आणि ओसरीवर ओतला. बांगड्या हातात घातल्या, चेंडू भिंतीवर आपटून दाखवला. लेकीला व्हिडिओ कॉल लावला. तिनं सगळा खेळ मन लावून समजावला. शेजारी नीट ऐकत होता.

"म्हंजी आपनच लपवायचं आन लोकांनी हुडकायचं?"

"हो."

"कावून? कशापायी?"

मी ओरडले, "ते मरू द्या, आधी याला अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्या!" शाळेतला आवाज अजून शाबूत होता. त्यांनी पोराला जीपमध्ये घातलं.

पोरगा बरा झाला. डेंग्यू होता, डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. ऐकून मी एकटीच खूप रडले.

थंडीत बटईदार घरी आला, पुढच्या सालापासून रान करणार नाही हे सांगायला. येताना शेजाऱ्यानं माझ्यासाठी दिलेली हुरड्याची पिशवी त्यानं आणली होती. उपकाराची जाण होती माणसाला. मी मूठभर दाणे तोंडात टाकले. इतका गोड हुरडा कित्येक वर्षांत खाल्ला नव्हता.

"गोड आसनारच की," बटईदार खाली बघत म्हणाला. "पाणंदीतली ज्वारी हाय, बाई. पैल्यांदाच पेरलंय तितं."