तीनशेच्या आतलं कोल्हापूर

बदलापूरच्या बाळाला खोटं बोलता येत नाही, असं त्याची बायको जनी चारचौघांत सांगायची. टेंपोवाल्यांत असा माणूस विरळा, म्हणून लोक कौतुकानं मान डोलवायचे. बाळा मात्र खाली बघायचा. आयुष्यात त्यानं एकच थाप मारली होती आणि ती नेमकी जनीला.

झालं असं, त्यांच्या मनालीनं कोल्हापूरचा मुलगा पसंत केला. मुलगा गुणी, तिथल्या विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामाला. पण जनीची अट होती: तीनशे किलोमीटरच्या पलीकडे पोरगी द्यायची नाही. तीनशेच्या आत म्हणजे टेंपो पहाटे निघून दिवसाउजेडी पोचतो, लेकीला काही दुखलंखुपलं तर त्याच दिवशी उशाशी बसता येतं. त्यात जनीला गाडी लागते. कर्जतपर्यंत जायचं म्हटलं तरी तिच्या पोटात ढवळतं.

बैठकीत बाळानं भीतभीत अंतर विचारलं. मुलगा हौसेनं म्हणाला, "आमचं विमानतळ ते तुमचं नवी मुंबईचं, हवाई अंतर तीनशेच्या आतच आहे की." रस्त्यानं ते साडेतीनशेच्या घरात जातं, हे जन्मभर गाडी हाकलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. पण समोर लेकीचा चेहरा होता. घरी येऊन बाळानं 'तीनशेच्या आत' एवढंच सांगितलं, 'हवाई' गिळून टाकलं. लग्न लागलं.

वर्षभरात मनालीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. मग आईच निघाली. निघताना बाळानं फेरीचे किलोमीटर मोजणारा मीटर शून्यावर आणला. दर भाड्याला आणायचा, हाताला सवयच ती.

पुण्यापर्यंत जनी दोनदा ओकली. साताऱ्याला तिनं विचारलं, "किती ऱ्हायलं?" "आलंच," बाळा म्हणाला. कराडलाही आलंच. पुढे तिची नजर मीटरवर गेली आणि तिथंच राहिली. तीनशे आले, तीनशे गेले, कोल्हापूर काही येईना. बाळानं गाडीचा वेग वाढवला.

नात झाली. बाळा बदलापूरला परतला. फोनवर जनी नातीचं सगळं सांगायची, त्याला मात्र जेवलास का म्हणून एकदाही विचारलं नाही. सव्वा महिन्यानं तो तिला न्यायला गेला, तर जावयानं तिचं विमानाचं तिकीट काढून ठेवलेलं. आता ही आपल्या गाडीत पुन्हा बसायची नाही, असं त्याला वाटलं.

"जने, मी खोटं बोललो तुला," त्या संध्याकाळी तो म्हणाला.

"बोललास ते बरा झाला. खरा सांगितला असतास तं मी लग्नाला नाय बोलले असते," नातीला थोपटत जनी म्हणाली. "मंग ही कुठशी आली असती?"

सकाळी तिनं आपली पिशवी टेंपोत ठेवली. जावई धावत आला. "आई, विमानात बसा. रस्त्यानं त्रास होईल तुम्हाला."

"व्हईल," जनी म्हणाली. "पन रस्ता केवढा हाय तो मी बघितलाय आता. येवढ्या लांब ह्याला एकट्याला कसा धाडू?"