पावडरीला मोहन

छबूबाईला वैजनाथ साहेबाचं तोंड बघवत नसे आणि त्याला तिचं. नगरच्या एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये वॉचमनपासून सगळ्यांना हे ठाऊक होतं.

शेजारच्या केमिकल कंपनीतून पांढरा गाळ निघतो. पूर्वी तो मागच्या ओढ्यात ढकलायचे, आणि त्या ओढ्यावर धुणं धुऊन छबूबाईच्या हाताची सालपटं निघाली होती. आता तोच गाळ या शेडमध्ये येतो. छबूबाई धरून सहा बाया तो उन्हात वाळवतात, दळतात, चाळतात. मग वितळलेल्या जुन्या प्लास्टिकमध्ये तो मिसळून गटारीवरची झाकणं ओततात. गाळाच्या भरीनं झाकणाला ताकद येते म्हणे. ज्या घाणीनं हात सोलले तीच चाळून पोट भरायचं, याची तिला चीड होती, आणि राग गिळणारी ती बाई नव्हती.

दिवाळीनंतर झाकणं फुटू लागली. टेम्पोचं चाक गेलं की कटकन दोन तुकडे. साहेबानं सहाही जणींना ओळीनं उभं केलं.

"पावडर ओली ठेवता तुम्ही. गप्पा मारायला येता का इथं? सोमवारी पुण्याहून पाहुणे येतायत झाकणं बघायला. तोवर सुधारलं नाही तर सहाही जणी घरी बसा."

छबूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाथर्डीकडची ती. अकरा वर्षं ऊस तोडला, तिच्या मोळीला कुणी नाव ठेवलं नाही. मग सावेडीत घरोघरी दिवाळीचा फराळ करून दिला, तिथंही नाही. पावडर ती मुठीत दाबून बघायची आणि जरा जरी गोळा राहिला तरी परत उन्हात पसरायची. आणि हा दीडशहाणा म्हणतो, ओली!

तिनं फुटकं झाकण उचलून तुटल्या कडेवरून नख फिरवलं. आत पांढऱ्या गाठी होत्या, मोहरीएवढ्या. पावडर कोरडीच होती, पण प्लास्टिकमध्ये मिसळलीच नव्हती.

"साहेब, हिला मोहन पाहिजे."

"काय?"

"मोहन. पिठाला गरम तेल चोळतो न्हाई का आमी, तसं."

साहेब हसला. "मला झाकण खुसखुशीत नकोय, बाई."

"खुसखुशीत न्हाई व्हनार. मोहन लागलं की कनाला कन चिकटत न्हाई. मंग एकेका कनाला प्लास्टिक धरतं."

तो हात झटकून निघून गेला. साच्याला लावायच्या मेणाच्या खवल्यांचं पोतं कोपऱ्यात पडलं होतं. छबूबाईनं चुलाण्यावर कढई ठेवली, पावडर गरम केली, खवले टाकले आणि मेण विरघळून दाण्यादाण्याला लागेपर्यंत उलथनं फिरवत राहिली. धुरानं डोळे चुरचुरले, तोंडानं साहेबाचा उद्धार चालूच होता. त्या पावडरीचं झाकण ओतलं. दुसऱ्या दिवशी भरला टेम्पो त्यावरून तीनदा गेला. झाकणाला चरादेखील पडला नाही.

साहेबानं बघितलं. 'ओली' हा शब्द काही त्यानं परत घेतला नाही. फक्त सगळा माल तसाच करायला सांगितला.

सोमवारी पाहुणे आले. साहेब छाती पुढं काढून सांगत होता, "ही आमची सरफेस ट्रीटमेंट. मी स्वतः बसवली." पाहुण्यांपैकी एका बाईंनी वही काढली. "छान. मेणाचं प्रमाण किती?"

साहेबाला ते कुठून ठाऊक असणार? त्यानं कधी कढईत डोकावलं असेल तर ना. हळूच त्याची नजर छबूबाईकडं वळली.

"मला काय इचारता?" ती म्हणाली. "आमची तर पावडरच ओली असती."

पाहुण्याबाईंनी साहेबाकडं बघितलं. तो घसा खाकरत पुटपुटला, "ओली नव्हती."

"मागं पाच जनी उभ्या हायेत. त्यान्ला ऐकू गेलं न्हाई."

"पावडर ओली नव्हती," साहेब मोठ्यानं म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता.

"किलोला दोन चमचे," छबूबाई पाहुण्याबाईंना म्हणाली. "आन् त्याला मोहन म्हनत्यात. तसंच लिवा."