कच्ची घोडी

ग्वाल्हेरच्या पागेत जगदेवरावांचं काम कुणालाच आवडणारं नव्हतं. घाई करणाऱ्यांना थांबवायचं. ते चाबुकस्वार. शिंगराला माणसाची सवय लावायची, लांब दोरीवर फिरवायचं, लगाम ओळखीचा करायचा आणि मग, फार उशिरा, पाठीवर स्वार घ्यायचा. त्याआधीच एखाद्या सरदाराचे चिरंजीव रिकिबीत पाय घालायला आले, की जगदेवराव लवून मुजरा करत आणि म्हणत, "अभी कच्ची है, सरकार." चिरंजीव पाय आपटत परत जात. या शब्दापुढे पागेत कुणाचं काही चालत नसे. कच्ची म्हणजे राखून ठेवलेली. हाडं भरू द्या, दुधाचे दात पडून पक्के येऊ द्या, मग बसा हवं तितकं. कोवळ्या वयात स्वार घेतलेल्या घोड्याची पाठ जन्माची जाते, हे त्यांनी तरुणपणी पाहिलं होतं आणि ते काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत हे नवं राज्य आलं आणि पागा मोडायची ठरली. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार आपापल्या वाटेनं गेले. जगदेवरावही थकले होते, गुडघ्यांनी तर केव्हाच रजा मागितली होती. स्वतःसाठी त्यांना काही नको होतं. जीव अडकला होता तो मैनेत. आई गेल्यावर त्यांच्या हातचं दूध पिऊन वाढलेली ही तांबूस घोडी. तिचे पुढचे दात नुकते पालटले होते, कडेचे अजून दुधाचेच होते. निवडलेली जनावरं फौजेत जाणार होती, उरलेली लिलावात. फौजेत गेली तर तिला वेळेवर दाणा मिळेल, डॉक्टर मिळेल. लिलावासाठी मात्र टांगेवाले आधीच फाटकाशी येऊन बसले होते.

फौजेकडून तपासणीला आलेले साहेब परगावचे होते. सकाळपासून उन्हात उभे राहून तेही कंटाळले होते. मैना पुढे आली तसा त्यांनी तिच्या पायांवरून हात फिरवला, खूश होऊन मान डोलावली आणि विचारलं, "कैसी है?"

तेवढ्यात एक जवान खोगीर उचलून तिच्याकडे येताना जगदेवरावांना दिसला. त्यांचं लक्ष खोगिरावर गेलं आणि जीभ सवयीनं चालली.

"अभी कच्ची है, सरकार."

साहेबांनी डावीकडे बोट केलं. जवानानं खोगीर खाली ठेवलं आणि मैनेला लिलावाच्या रांगेत नेऊन उभं केलं.

आपण काय बोलून बसलो हे जगदेवरावांना तेव्हा कळलं. ते लंगडत साहेबांमागे गेले. "साहब, कच्ची म्हणजे खराब नहीं. घोडी चांगली है, थोडं थांबलं तर..." घाबरले की त्यांची हिंदी अशी मराठीवर घसरायची.

"मुझे तैयार घोड़े चाहिए, बाबा," साहेब शांतपणे म्हणाले. "कच्ची तो आप ही ने बताया."

खोटं काहीच नव्हतं त्यात. जगदेवरावांना स्वतःच्या जिभेची किळस आली. लिलाव बघायला ते थांबले नाहीत.

थंडी पडायच्या सुमारास ते पाटणकर बाजारातून पिठाची पिशवी घेऊन निघाले होते. शेजारी एक टांगा येऊन थांबला. टांगेवाला दौलतसिंह ओळखीचा, मनानं भला. "आइए दादा, माधवगंज छोड़ देता हूँ," तो म्हणाला. टांग्याला मैना जुंपलेली होती. तिनं मान वळवून त्यांचा खिसा हुंगला. जगदेवरावांनी हळूच तिचा ओठ वर केला. कडेचे दात अजून दुधाचेच होते.

"तुम चलो," ते म्हणाले, "मैं पैदल आता हूँ."

घरी पोचेपर्यंत त्यांचे गुडघे सुजले. त्यांच्या पत्नी विजयाबाईंनी पिशवी हातातून घेतली आणि त्या वैतागून म्हणाल्या, "एवढं ओझं घेऊन पायी आलात? टांगा नाही मिळाला का?"

"मिळाला होता," जगदेवराव ओट्यावर टेकत म्हणाले. "घोडी कच्ची होती."