अकरा गाड्या माती

आपली चूक इतक्या मोठ्या आवाजात सांगणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. चूक कबूल करताना माणूस सहसा आवाज खाली आणतो, शेजारी कोण उभं आहे ते पाहतो. मुकादमबाईंनी ती वरवंडच्या भर बाजारात, एका धोंड्यावर उभं राहून सांगितली. "ऐका! चामड्याच्या कारखान्यातली काळी माती मी खत म्हणून वाटली. ते खत न्हाई, इख हाय. ज्यानं ज्यानं न्हेली त्यानं रानात इस्कटू नका. मी माघारी न्यायला येतीया." हेच तीनदा सांगून त्या खाली उतरल्या आणि समोरच्या बाईला मिरच्यांचा भाव विचारला.

मी तेव्हा हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होतो. त्या दिवशी त्यांच्याबरोबरच बाजारात आलो होतो, आणि लोक वळून पाहू लागताच दोन पावलं बाजूला सरकलो होतो. ती दोन पावलं मला अजून आठवतात.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर बायकांची टोळी सांभाळायला कुणी मिळेना, तेव्हा साहेबांनी त्यांना मुकादम केलं. काम संपलं, नाव राहिलं. चाळिशी उलटलेली, उंच, हाडांची बाई. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. त्यामुळे मोठमोठे बागायतदारही त्यांच्याशी बोलताना टोपी नीट करत. त्यांचे वडील घरच्या घरी कातडी कमवत. बाभळीची साल, हिरडा आणि चुना, एवढीच त्यांची सामग्री. वडिलांच्या कातडी भिजवायच्या कुंडाखालची माती ज्याच्या रानात पडे, त्याची ज्वारी माणसापेक्षा उंच होई, असं त्या सांगत.

लग्नानंतर त्या केडगावकडच्या रस्त्याला असलेल्या चामड्याच्या कारखान्यात कामाला लागल्या होत्या. खडीचं काम संपल्यावर त्या पुन्हा तिथंच गेल्या. दुष्काळात जनावरं मेली, तेव्हा कातड्यांचे ट्रकच्या ट्रक येऊन पडत. मग जनावरंच उरली नाहीत आणि दोनेक वर्षांत मालक कुलूप लावून निघून गेला. ती जागा भूमिहीनांना घरं बांधायला द्यायचं ठरलं. आवार साफ करून सपाट करण्याचं काम पंचायतीनं मुकादमबाईंच्या टोळीला दिलं. चुन्याच्या कुंडांभोवती काळ्या, दर्प येणाऱ्या मातीचा थर होता. लोक बैलगाड्या घेऊन आले. बाईंनी वडिलांचं ज्ञान आठवून सांगितलं, "न्या, सोनं हाय." अकरा गाड्या गेल्या.

चौथ्या दिवशी बिरूमामा आले. मामांचं मेंढरांचं खांड भांडगावच्या शिवारात बसायचं. खांद्यावरची मेलेली मेंढी त्यांनी बाईंच्या पुढ्यात ठेवली.

"मुकादमबाई, तुमच्या मातीनं माझी मेंढी खाल्ली."

"माती कवा मेंढी खाती का, मामा?"

"ढिगाला चाटत हुती. खारट लागली आसंल. आजून दोन आडव्या हायती."

कातडी मीठ लावून येत, म्हणून माती खारट. पण मिठानं मेंढी मरत नाही. मेंढीकडे बघता बघता बाईंना आठवलं, की शेवटच्या वर्षांत केस लवकर सुटावेत म्हणून मालक चुन्यात हरताळाची पिवळी भुकटी टाकायला लावी. घमेल्यानं ती ओतणाऱ्या बायकांत त्या स्वतः होत्या.

त्याच दुपारी त्या शाळेत आल्या. मधली सुट्टी होती. दारातूनच म्हणाल्या, "मास्तर, हरताळ मातीत जिरतो का?"

हरताळ म्हणजे सोमलाचा, आर्सेनिकच्या विषाचा, भाऊ. माझ्या खोलीत पुस्तकं पुष्कळ होती. रात्रभर ती चाळून मी सकाळी सांगितलं, की हा पदार्थ कुजत नाही. जाळला तर धूर होऊन श्वासात जातो, पाण्यात सोडला तर विहिरीत उतरतो.

"म्हंजी जातच न्हाई?"

"नाही जात."

"मग कुटं ठिवायचा, एवढंच आपल्या हातात हाय तर."

मी पुस्तकांत 'उपाय' शोधत होतो. बाईंनी एका वाक्यात कामाला हात घातला. कारखान्यातली सिमेंटची कुंडं रिकामी होती. जिथून विष निघालं तिथंच ते बंद करायचं त्यांनी ठरवलं. पण कुंडं गळतात की नाही, हे कसं कळणार? त्यांनी सगळी पाण्यानं भरली आणि कोळशानं पातळीची रेघ मारली. आणि प्रत्येक कुंडाच्या कडेला पाण्यानं भरलेलं एकेक घमेलं ठेवलं.

"घमेलं कशाला?" मी विचारलं.

"उनानं किती पानी पिलं ते घमेलं सांगंल. त्याच्यापरास जास्ती ज्या कुंडातलं गेलं, ते फुटकं."

मी चार वर्षं वर्गात प्रयोग शिकवत होतो. हा मला सुचला नव्हता. दोन कुंडं फुटकी निघाली, चार टिकली. ते पाणीही त्यांनी ओढ्यात सोडू दिलं नाही. चैत्राच्या उन्हात आहे तिथंच आटू दिलं.

बाजारात सांगून झालं होतं. आता माती परत आणायची होती, आणि तीही नांगरटीच्या आत. आमच्याकडे उन्हाळ्यात खताचे ढीग रानात टाकून ठेवतात आणि पाऊस जवळ आला की ते पसरून नांगरतात. ढीग आहेत तोवर उचलता येतील. एकदा नांगराखाली गेली की ती माती रानाची झाली, आणि पावसाबरोबर विहिरीची. बाईंच्या टोळीतल्या बहुतेक बाया घाबरून घरी बसल्या. दोघी राहिल्या. ह्या तिघींनी दोन भाड्याच्या गाड्या घेतल्या आणि दारोदार सुरुवात केली.

लोकांनी त्यांना काय काय ऐकवलं! एक म्हातारा म्हणाला, "दिल्यालं दान माघारी मागायला आलीस व्हय?"

"दान न्हाई आप्पा, पाप दिलंया. तेवढं माझं मला द्या."

"आता शेणबी उचलून न्हेशील."

"तुमचं शेण ऱ्हाऊ द्या. त्याला वास येतो तो खरा तरी हाय."

म्हातारा हसला, आणि हसला म्हणजे ढीग मिळाला. त्यांची काम करायची रीत मी दोन रविवार पाहिली. आधी ढिगावर पाणी शिंपडायचं, म्हणजे धूळ उडत नाही. गाडीत गोणपाट अंथरायचं. नाकाला फडकं, हाताला चिंध्या. ढीग उचलल्यावर खालची चार बोटं माती खरवडून घ्यायची. गाडी रिकामी केली की तिच्या फळ्या झाडायच्या. भाकरी सोडण्याआधी राखेनं कोपरापर्यंत हात धुवायचे. एकदा मी तसाच गूळ-शेंगा तोंडात टाकायला गेलो, तेव्हा माझ्या मनगटावर फटका बसला. "शिकल्याला हायसा ना मास्तर?" त्या म्हणाल्या.

दहा गाड्या आल्या. अकरावी भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यातल्या एका आबांकडे गेली होती. ते मुलीला भेटायला केडगावला आले असताना घेऊन गेले होते. आम्ही नदीच्या उतारावरून गाडी घातली. पाणी बैलांच्या गुडघ्यापर्यंतही नव्हतं. पोचून पाहतो तो आबांनी परसातल्या अर्ध्या गुंठ्यात माती पसरून नांगरटही उरकली होती. वांगी लावायची होती.

मी हळूच म्हणालो, "बाई, आता काही होणं नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आबा, वीतभर माती खरवडून न्यावी लागंल."

"माझ्या रानाची साल काढतीस?" आबा खवळले. "निगा हितनं. बाजारात वरडत हिंडनारी बाई तूच न्हवं? आमच्याकडं असली नाटकं चालायची न्हाईत."

बाई तिथंच बांधावर बसल्या. ऊन वर आलं. तासाभरानं आबाच तांब्या घेऊन आले. कितीही राग आला तरी दारात आलेल्याला पाणी न देणारी माणसं ती नव्हेत. बाईंनी तांब्या हातात घेतला.

"ह्या हिरीचं का?" विहीर रानाच्या खालच्या अंगाला, दहा पावलांवर होती.

"व्हय. पी की. का त्याचीबी भ्या वाटती?"

बाई गटागटा प्यायल्या. तोंड पुसून म्हणाल्या, "मी आज पिले. पाऊस पडून गेल्यावर ह्याच हिरीचं पानी तुमच्या हातानं नातवाला पाजाल का, तेवढं सांगा. व्हय म्हनला, तर ही उठले."

आबा रिकामा तांब्या घेऊन आत गेले आणि कुदळ घेऊन बाहेर आले.

चार दिवस ते रान खरवडण्याचं काम चाललं होतं. माझी शाळा होती, मी परत आलो. मागाहून आलेल्या गाड्या मोजल्या, तर एका गाडीच्या जागी चौदा गाड्या माती भीमा ओलांडून आली होती. त्या बदल्यात बाईंनी आबांच्या रानात नदीचा गाळ भरून दिला.

कुंडं भरली. वर चुना, त्यावर चिकणमाती, त्यावर मुरूम. मध्ये उंच आणि कडेला उतरतं, म्हणजे पाणी थांबत नाही. बंद करण्याआधी बाईंनी पाट्या, खराटे, गोणपाटं आत टाकली. मग घरी जाऊन, कपडे बदलून आल्या आणि ते काम करताना नेसलेलं लुगडंही टाकलं. त्यांच्याजवळ दोनच लुगडी होती, हे त्यांच्या टोळीतल्या एकीनं मला नंतर सांगितलं.

पुढे प्लॉट वाटायची वेळ आली. कुंडांशेजारचा प्लॉट कुणीच घेईना. बाईंनी तो मागून घेतला. मी समजावायला गेलो, तर म्हणाल्या, "चिठ्ठी लिवून ठिवता यील, मास्तर. पर खनायला आल्याला मानूस चिठ्ठी वाचून खनतो का? सांगायला कुनीतरी जित्तं पायजे."

त्या घरात त्या पाच वर्षं राहिल्या. तळहात बाभळीच्या सालीसारखे जाड आणि खरखरीत होत गेले, अंगावर काळे ठिपके उठले. दौंडच्या डॉक्टरांनी कारखान्यात किती वर्षं होता एवढंच विचारलं आणि मान खाली घालून औषध लिहिलं. शेवटच्या दिवाळीत मी भेटायला गेलो, तेव्हा सून शांता त्यांना धरून अंगणात फिरवत होती. पाय टाकवत नव्हता, तरी बाई तिला कुंडांच्या चारी कोपऱ्यांशी नेऊन थांबवत आणि म्हणत, "म्हन." शांता म्हणे, "हितं खनायचं न्हाई. झाड लावायचं न्हाई. आड पाडायचा न्हाई." ती नव्यानं सासरी आलेली मुलगी, माझ्यादेखत लाजून पुटपुटत होती. "मोठ्यानं," बाई म्हणाल्या.

त्या मार्गशीर्षात गेल्या. तेराव्याला गावोगावची माणसं आली. भीमेपलीकडून आबा आले, बिरूमामा आले. अंगणात जागा पुरेना, म्हणून मांडववाल्यांनी कुंडांवरच्या मोकळ्या उंचवट्याकडे बांबू नेले आणि एकानं खड्डा घ्यायला पहार उचलली. आत बायकांत आक्रोश चालला होता. शांता उंबऱ्याशी पदरात तोंड खुपसून बसली होती. पहारीचा पहिला घाव मुरमावर वाजला, आणि ती रडायची थांबली. उठली. तशीच, डोळे न पुसता, सगळ्या पुरुषमाणसांच्या मधून चालत गेली आणि तिनं पहार धरली.

"हितं न्हाई," ती म्हणाली. आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. "मांडव तिकडं न्या."

मांडववाला गोंधळून आमच्याकडे पाहू लागला. आबा पुढे झाले आणि त्यांनी वाकून पहिला बांबू उचलला. मी दुसरा उचलला.