कय्यूमभाऊंच्या दुकानातली लहान पुडी

वरोऱ्यात कय्यूमभाऊंचं बियाण्यांचं दुकान. बीटी कपाशीच्या बॅगेत साध्या कपाशीची एक लहान पुडी यायची. ती शेताच्या कडेने पेरायची, म्हणजे बीटीचं विष पचवणाऱ्या बोंडअळ्या माजत नाहीत, असा नियम. भाऊंना तो पाठ होता. जैवसुरक्षेच्या प्रशिक्षणाला दोन दिवस बसून आले होते, त्याचं इंग्रजी प्रमाणपत्र काचेत मढवून खुर्चीमागे टांगलं होतं. तरी बॅग फोडून ती पुडी ते स्वतःच काढून टाकायचे. कडेची कपाशी किडते, गिऱ्हाइकाला नको असते. गिऱ्हाइकाची सोय म्हणे!

दिवाळीनंतर एक दिवस त्यांच्याकडूनच बियाणं नेणाऱ्या केसरबाई आल्या. त्यांनी पदरातलं बोंड काढून काउंटरवर फोडलं. आत गुलाबी अळी वळवळत होती.

“भाऊ, ते लहान पुडी सगळ्यायनं पेरली असती तं अळी एवढी माजली नसती, असं कृषी खात्याच्या मीटिंगमध्ये सांगून राह्यले. मी तुमाले इचारलं होतं. तुमी म्हनले, कचरा हाय.”

भाऊंना आठवत होतं. माझ्या एका दुकानानं का होते, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

“जाऊ द्या भाऊ,” केसरबाईच म्हणाल्या. “तुमाले तरी कुठी मालूम होतं!”

भाऊंनी खुर्ची थोडी सरकवली. प्रमाणपत्र पाठीआड गेलं.

“हो ना बाई,” ते म्हणाले. “मले कोणी सांगतलंच नाई.”