खिळ्यावरची चावी

आमच्या पुढच्या दाराच्या चौकटीला, ओटीच्या बाजूने, खांद्याच्या उंचीवर एक खिळा आहे. तो वडिलांनी ठोकला. तेव्हा ते मिनिडोअर चालवत, म्हणजे आमच्याकडची सहा आसनी रिक्षा, अलिबागपासून आमच्या गावापर्यंत. गावात दुसरं वाहन नव्हतं. गाडी अंगणात लागली की चावी त्या खिळ्यावर. कुणाचं बाळंतपण अडलं, कुणाला साप चावला, की गाडी चालवता येणारा माणूस ओटीवर यायचा, चावी काढायचा आणि निघायचा. वडिलांना उठवायची पद्धत नव्हती. सकाळी ते उठत आणि आधी खिळा बघत. चावी दिसली तर चूळ भरायला जात. नाही दिसली तर ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, "कोन आजारी हाय?" गाडी परत येऊन माणसाची खबर कळेपर्यंत ते चहाला तोंड लावत नसत.

आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे आणि त्यांची आठवण विरत चालली आहे. माझं नाव कधी सापडतं, कधी नाही. जेवलो की नाही, हे ते सुनेला विचारतात. खिळा मात्र विसरलेले नाहीत.

त्यांना पनवेलच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं. एसटीची पायरी त्यांना चढवत नाही, म्हणून आम्ही गाडी घेतली. मी हिशेबाच्या कामातला माणूस. गाडी घेताना मायलेज, हप्ता, विम्याचा खर्च, सगळं पडताळलं. चावीचा विचार केला नाही. ही गाडी बटणावर चालू होते. चावी खिशात असली की दाराला हात लावताच कुलूप उघडतं. घरी आणली त्या दिवशी मी चावी खिळ्याला अडकवली. वडिलांनी ती बोटांनी चाचपली आणि मान डोलावली.

पुढे शेजारच्या वाडीतल्या एका बंगल्यातून अशीच बटणाची गाडी चोरीला गेली. काच फुटली नव्हती, कुलूप तोडलं नव्हतं, दोन्ही चाव्या घरात होत्या. पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनी जमलेल्या लोकांना समजावून सांगितलं ते मीही ऐकलं. चावी सतत एक बारीक इशारा देत असते आणि तो फार लांब जात नाही. चोर दोघे असतात. एक जण घराच्या दाराशी यंत्र धरून तो इशारा पकडतो, दुसरा गाडीजवळ उभा राहून दुसऱ्या यंत्रातून तो गाडीला ऐकवतो. गाडीला वाटतं चावी आली, आणि ती उघडते.

"चावी दाराजवळ ठेवू नका," हवालदार म्हणाले. "आत ठेवा, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. त्यातून इशारा बाहेर पडत नाही."

घरी येऊन मी टेप घेतली. खिळ्यापासून गाडीच्या दारापर्यंत अकरा फूट. मधे फक्त ओटीचा कठडा.

रविवारी डब्यांची परीक्षा घेतली. मी चावी डब्यात घालून गाडीला चिकटून उभा राहायचो आणि बायको दार ओढायची. प्लास्टिकच्या डब्यात चावी असताना दार लगेच उघडलं. स्टीलच्या डब्याचं झाकण सैल होतं, तेव्हाही उघडलं.

"आता मिसळणाचा डबा आणू का?" बायको म्हणाली. "गाडीला हळदीचा वास तरी लागेल."

"दार ओढ."

"ओढतेच आहे. शेजारच्या काकी बघतायत, म्हणतील गाडीत नवरा अडकला."

शेवटी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा निघाला, झाकण दाबून बसणारा. त्यात चावी ठेवली आणि दार उघडलं नाही. चारही दारं पाहिली, डबा उलटसुलट करून पाहिला. तो डबा आम्ही आतल्या खोलीत फडताळात ठेवला. मला समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील ओटीवर आले. खिळा रिकामा.

"कोन आजारी हाय?"

"कुणी नाही, बाबा. चावी आत ठेवली आहे. चोरांची भीती आहे."

"गाडी कोन घेऊन गेला?"

"गाडी समोर उभी आहे. ही बघा."

त्यांनी गाडीकडे पाहिलं, पण ती त्यांना गाडी वाटली नाही. त्यांची गाडी तीन चाकांची होती. ते कठड्याला धरून रस्त्याकडे बघत बसले. चहा निवला. दुपारी बायकोने भात कालवून घास पुढे केला तर म्हणाले, "मानूस हास्पिटलात हाय आनि मी जेवू?" उत्तर आम्ही किती वेळा दिलं ते सांगता येणार नाही. ते दर वेळी शांतपणे ऐकत आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारत. पुढचे दिवसही तसेच गेले. ते खंगू लागले. एकदा ते एकटेच फाटकाबाहेर गेले आणि पार बंदराच्या रस्त्याला सापडले. गाडी शोधत होते.

"चावी परत लावा," बायको म्हणाली. "गेली गाडी तर गेली."

"गेली तर त्यांना पनवेलला कशाने नेणार?"

"आणि ते जेवलेच नाहीत तर कुणाला नेणार?"

मी फडताळातला डबा काढून समोर ठेवला. मग ती म्हणाली, "दुसरी चावी आहे ना कपाटात? ती लावा."

"तीही तसाच इशारा देते."

पण त्या बोलण्यावरून मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक पुन्हा काढलं. चावीच्या पोटात एक चपटा गोल सेल असतो. तो काढला की इशारा बंद. मी कपाटातली चावी उघडून सेल काढला आणि ती मुठीत धरून गाडीचं दार ओढलं. उघडलं नाही. ती चावी खिळ्याला लावली.

वडील बाहेर आले, त्यांनी खिळा पाहिला, चावी चाचपली आणि चूळ भरायला गेले. त्या दिवशी त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

मला मात्र ते लागून राहिलं. ज्या माणसाने आयुष्यभर खरी चावी दाराला लावली, त्याच्यासमोर मी खोटी टांगली.

"खोटी कुठे?" बायको म्हणाली. "झोपलेली आहे."

तिचं म्हणणं एका अर्थी बरोबर होतं. पुस्तकात पुढे लिहिलं होतं की त्या चावीच्या आत लोखंडी पातं असतं, त्याने दार उघडतं, आणि सेल नसलेली चावी बटणाला टेकवली तर गाडी चालूही होते. मी ते करून पाहिलं. मग शेजारच्या काकींच्या मुलाला बोलावून दाखवलं, कारण वाडीत गाडी चालवणारा दुसरा तोच. गरज पडली तर चावी काढून गाडी ने, असं सांगितलं. ओटीवर चढून चावी काढणारा चोरही ती नेऊ शकेल, हे मला कळत होतं. तेवढा धोका मी ठेवला. मुंबईच्या बोटीसाठी मांडव्याच्या जेट्टीवर गाडी लावतो तेव्हा स्टिअरिंगला कुलपाचा लोखंडी दांडा अडकवतो, घरी नाही.

गेल्या महिन्यात सकाळी वडिलांना धाप लागली. ओठ काळवंडले. मी फडताळातला डबा उघडून चावी खिशात टाकली, काकींच्या मुलाने आणि मी त्यांना उचलून मागच्या सीटवर बसवलं. बायको त्यांना धरून बसली. मी बटण दाबणार, तेवढ्यात वडिलांनी माझा खांदा पकडला. ते काचेतून दाराकडे बघत होते.

"चावी र्‍हायली," ते म्हणाले.

"आहे माझ्याकडे, बाबा. निघू या."

"खिल्यावर हाय." त्यांना श्वास पुरत नव्हता. "काढ ती. मानूस घेऊन चाललाव ना? मग खिला रिकामा पायजे. लोकांना कलाया नको?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी गाडीतून उतरलो, ओटीवर चढलो आणि खिळ्यावरची चावी काढून आणली. ती त्यांच्या मुठीत दिली. मग त्यांनी खांदा सोडला.

आमच्याकडचा आजारी माणूस नेतात त्या अलिबागच्या दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला. दुपारी काकी जेवणाचा डबा घेऊन तिथे आल्या. आमच्या घरून कुणी फोन केला नव्हता, त्यांचा मुलगाही सकाळी तसाच कामावर गेला होता. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

"ओटीवर गेले, खिला रिकामा," त्या म्हणाल्या. "म्हटलं, कोन आजारी?"

वडील अजून तिथेच आहेत. कधी मला ओळखतात, कधी नाही. चावी त्यांच्या उशाखाली आहे. नर्सने दोनदा मला परत दिली, मी दोनदा तिथेच ठेवली. घरी गाडी उभी करतो तेव्हा माझी चावी पत्र्याच्या डब्यात जाते, झाकण दाबून. खिळ्यावर मी काही लावलेलं नाही. सकाळी वाडीतली माणसं दारावरून जाताना थांबतात आणि विचारतात, आणि मी त्यांना कसे आहेत ते सांगतो.