यील्ड चालत नाही तिथे
नवरा गेल्यावर वहिनींनी सेहेचाळिसाव्या वर्षी रुबी ही संगणकभाषा शिकून धाकट्या दिराच्या कंपनीत नोकरी धरली. चाळीस मेथड्स, म्हणजे एकेक काम करणारे कोडचे तुकडे, आपोआप तयार करणारा छोटासा कोड त्यांनी महिनाभर खपून लिहिला. प्रत्येक मेथडने बाहेरून दिलेला ब्लॉक, म्हणजे सूचनांचा गठ्ठा, चालवायचा होता. त्यासाठी त्यांनी यील्ड हा रुबीतला शब्द वापरला. अशा आपोआप तयार झालेल्या मेथडमध्ये तो चालत नाही. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी कोड वाचून दीर "झकास!" म्हणाला.

सगळ्यांसमोर कोड कोसळला. माणसं फिदीफिदी हसली. दिराने उठून एक ओळ बदलली आणि सगळं चाललं.

"भाऊजी, काल दिसलं होतं तुम्हाला?"

"दिसलं होतं की. पण मी तुम्हाला नोकरीवरून काढलं तर घरात वाईट दिसेल. तुम्हीच सोडा ना."

वहिनींनी तिथेच राजीनामा लिहिला. त्यातली शुद्धलेखनाची चूक मात्र दिराने लगेच दाखवली.